हाडकलेला घोडा पुन्हा उभा करताना: आधी पोट, मग पाय, सर्वात शेवटी पाठ

हाडं वर आलेला घोडा कुणी सांभाळायला घेतला की महिना उलटायच्या आत एक प्रश्न हमखास येतो: याला चालवायला कधी लागू, आणि वर कधी बसू? प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. नुसतं खाऊन घोड्याला चरबी येते, स्नायू येत नाहीत. स्नायूंसाठी हालचाल हवीच. पण कोणती हालचाल, किती आणि कधी, हे चुकलं तर महिनाभर खाऊन कमावलेलं आठवड्यात जातं.

माझ्याकडे अशीच एक कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, घोडी आली होती. सातव्या आठवड्यात तिच्या बरगड्या झाकल्या गेल्या, अंगावर चकाकी आली, दाण्याची बादली वाजली की खिंकाळायला लागली. मला वाटलं, झाली बरी. खोगीर घातलं आणि वीस मिनिटं नुसत्या चालीनं फिरवली. दुसऱ्या दिवशी खरारा करताना ब्रश पाठीवर गेला आणि ती अंग चोरून खाली बसल्यासारखी झाली. मान संपते तिथल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या गरम सुजा होत्या. बरगड्यांवर मांस दिसत होतं, पण कण्याच्या दोन्ही अंगांना खळगे तसेच होते, आणि खोगीर त्या खळग्यांत उतरून थेट हाडावर टेकलं होतं. पाच आठवडे तिच्या पाठीला काही लावता आलं नाही. तिथं आजही पांढरे केस आहेत.

त्या घोडीनं मला क्रम शिकवला: आधी पोट, मग पाय, आणि सर्वात शेवटी पाठ. खालची प्रत्येक पायरी त्याच क्रमानं आहे.

घोडा बारीक का झाला, हे आधी शोधा

व्यायामाचा विचार त्यानंतर. पोटाला न मिळाल्यानं झालेला बारीकपणा आणि मिळूनही न लागल्यानं झालेला बारीकपणा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याच आठवड्यात पशुवैद्याला बोलवा आणि निदान दात, जंत आणि रक्त या तीन गोष्टी पाहायला सांगा.

घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, वर्षाला साधारण दोन-तीन मिलिमीटर, आणि चावून चावून झिजतात. झीज एकसारखी झाली नाही तर वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा सुरीसारख्या होतात. गाल आणि जीभ कापली जाते आणि घोडा चावणं टाळतो. याची खूण गव्हाणीखालीच सापडते. अर्धवट चघळलेल्या गवताचे ओलसर, लांबट गोळे पडलेले दिसले तर दाढा घासून घ्यायची वेळ झाली आहे. लिदीत लांब काड्या किंवा अख्खे दाणे दिसणं हीही तीच तक्रार.

जंतांच्या बाबतीत नवखे लोक घाई करतात. दुकानातून औषध आणून पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा देऊ नका. जंतांचा भार मोठा असेल आणि ते एकदम मेले, तर अशक्त आतड्याला सूज येऊन घोडा दगावू शकतो. लिदीतली अंडी मोजून घ्या, आणि कोणतं औषध, किती वजनाला, कधी, हे पशुवैद्याला ठरवू द्या. वारंवार येणारा ताप, फिकट हिरड्या, पायांना किंवा पोटाखाली सूज असेल तर रक्ततपासणी टाळूच नका. उष्ण प्रदेशात चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रोग घोड्याला असाच आतून पोखरतो, आणि त्याच्यावर गवताचा ढीग घालून काही उपयोग होत नाही. म्हाताऱ्या घोड्यात ग्रंथींचे आणि यकृत-मूत्रपिंडांचे आजारही पाहावे लागतात.

नाल किंवा खुरं करणाऱ्यालाही याच आठवड्यात बोलवा. वाढलेल्या खुरांवर चालवलेला घोडा स्नायू कमावण्याआधी सांधे गमावतो.

डोळ्यांवर विसंबू नका, हात फिरवा

घोड्याच्या अंगावरचं मांस मोजायची एक सोपी पद्धत जगभर वापरतात. १९८३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या डॉन हेनेके यांनी ती मांडली. १ ते ९ गुण. १ म्हणजे नुसता सांगाडा, ९ म्हणजे चरबीनं थबथबलेला, आणि ५ म्हणजे ठीक. सहा जागा हातानं दाबून पाहायच्या: मान, मान संपते तिथला उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर-पाठ आणि शेपटीचं मूळ. ५ गुणांच्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की सहज लागतात. ४ ला त्यांची पुसट रेघ दिसते आणि पाठीचा कणा थोडासा वर राहतो. ३ ला बरगड्या स्पष्ट दिसतात, पण त्यांच्यावर पातळ थर जाणवतो. २ आणि १ ला हाताला हाडाशिवाय काही लागत नाही.

सहाही जागांचे गुण वेगवेगळे लिहा. सरासरीच्या नादात माझी फसगत झाली. माझ्या घोडीच्या बरगड्या साडेचारला होत्या तेव्हा पाठ जेमतेम तीनला होती. थंडीत केस वाढलेले असतील किंवा अंगावर झूल असेल तर डोळ्यांना काहीच कळत नाही, म्हणून बोटं केसांच्या आत घालून दाबा.

वजनासाठी काटा नसेल तर साधी मोजपट्टी पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून, जिथं तंग (खोगीर आवळायचा पट्टा) बसतो तिथून, छातीचा घेर घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या मांसल भागाच्या) मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ११,८८० नं भागा, उत्तर किलोत येतं. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर साधारण ३२३ किलो. आकडा दहा-वीस किलोंनी इकडेतिकडे असेल, त्याची चिंता नको. आपल्याला वाढ हवी आहे, म्हणून दर १४ दिवसांनी, त्याच माणसानं, त्याच वेळी, त्याच जागी मोजायचं. सोबत बाजूनं आणि मागून एकेक फोटो. रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही, आणि कधीकधी नसलेला बदल दिसतो.

पहिले दहा दिवस: व्यायाम नाही, खाण्याचीही घाई नाही

घोडा १ किंवा २ गुणांवर असेल तर हा सर्वात धोक्याचा काळ. उपाशी शरीरानं आपल्याच चरबीवर आणि स्नायूंवर गुजराण केलेली असते. त्याला एकदम दाणा दिला की रक्तात साखर आणि मग इन्शुलिन उसळतं. त्या ओघात रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम पेशींच्या आत ओढलं जातं. रक्तात ते इतकं कमी होतं की हृदय आणि श्वासाचे स्नायू कोलमडू शकतात. ही घसरण बहुधा खाणं सुरू केल्यावर तिसऱ्या दिवसापासून पुढे दिसते, म्हणून 'पहिले दोन दिवस छान खाल्लं' यावर निर्धास्त राहू नये.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी उपाशी घोड्यांवर काम करून जी पद्धत सुचवली, तिचा गाभा असा: पानांचं प्रमाण भरपूर असलेला वाळलेला लसूणघास (अल्फाल्फा), थोडाथोडा, वारंवार. पहिले तीन दिवस दर चार तासांनी साधारण अर्धा किलो, रात्रीसुद्धा. चौथ्या दिवसापासून प्रत्येक वेळचं प्रमाण हळूहळू वाढवायचं आणि वेळा कमी करायच्या. सहाव्या दिवसाच्या सुमारास दिवसाला सहा किलोंच्या आसपास, आठ-आठ तासांनी. दहा दिवसांनंतर घोडा खाईल तितकी वैरण. लसूणघासात प्रथिनं आणि मॅग्नेशियम भरपूर, स्टार्च कमी, म्हणून तो इथं कामाला येतो. चंदी, म्हणजे दाणा, या दिवसांत अजिबात नको, गूळ नको, तेल नको. पाणी मात्र सतत समोर.

दयेपोटी भरलेला तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) इथं घोड्याचा जीव घेतो. हे मी मुद्दाम कडक शब्दांत लिहिते आहे, कारण शेजारीपाजारी तुम्हाला रोज सांगतील की बिचाऱ्याला पोटभर घाला.

या काळात हालचाल म्हणजे मोकळ्या, सपाट, न घसरणाऱ्या जागेत त्याला वाटेल तेव्हा चार पावलं टाकू देणं. वारा-पाऊस लागणार नाही असा निवारा, थंडी असेल तर झूल, कारण थंडीत कुडकुडणारा घोडा खाल्लेलं सगळं ऊब धरण्यात घालवतो. जमलं तर शांत स्वभावाचा एखादा सोबती नजरेच्या टप्प्यात, पण खाण्याच्या वाट्याला नाही. घोडा बसलेला राहून उठू शकत नसेल, पाय अडखळत असतील, पायांवर सूज चढत असेल तर त्याच क्षणी पशुवैद्य.

त्यानंतरचं खाणं, थोडक्यात

वैरण हाच पाया. घोडा ज्या वजनाला असायला हवा, त्याच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज. ४०० किलो अपेक्षित वजनाला दोन टक्क्यांनी आठ किलो कोरडा चारा, म्हणजे वाळलेलं गवत साधारण नऊ किलो. चंदी सुरू करायची ती काही आठवड्यांनी, मूठमूठ वाढवत. घोड्याचं जठर लहान, ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात आम्ल दिवसरात्र तयार होत असतं. म्हणून एका वेळी दीड-दोन किलोंच्या वर दाणा कधीच नको, आणि वैरणीशिवाय लांबलचक तास नकोत. खाण्यातला कोणताही बदल सात ते चौदा दिवसांत पसरून करा, आतड्यातल्या जिवाणूंना तेवढा वेळ लागतोच. ५०० किलोंच्या घोड्याला रोज २५ ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं, घाम येऊ लागला की जास्त. स्नायू प्रथिनांवर बनतात. पोट सुटलेलं आणि पाठ बसलेलीच असं चित्र दिसलं तर आधी वैरणीचा कस तपासा.

कामाआधी नाडी मोजायला शिका

हे शिकल्याशिवाय पुढचं काही करू नका. खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेवर बोटं फिरवा. पेन्सिलीएवढी एक नळी बोटाखाली सरकते, ती रोहिणी. अंगठा लावू नका, तुमचीच नाडी लागेल. १५ सेकंद मोजा, चारनं गुणा. शांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस. आठवडाभर रोज सकाळी मोजून आपल्या घोड्याचा स्वतःचा आकडा ठरवा. माझ्या घोडीचा ३६ होता. एका सकाळी ती ४८ निघाली, बाकी सगळं नेहमीसारखं. त्या दिवशी बाहेर काढली नाही, आणि दुपारी तिचं पोट दुखू लागलं. आदल्या दिवशीचा आकडा वहीत नसता तर मी तिला चालवायला नेलं असतं.

हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा.

पहिली पायरी: हातात धरून चालवणं

हे सुरू करायचं ते घोडा ३ गुणांच्या जवळ आल्यावर, ताप नाही, लीद नेहमीसारखी, आणि मोकळ्या जागेत आपणहून फिरतोय अशा अवस्थेत. पहिल्या आठवड्यात पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. एकदाच वीस मिनिटांपेक्षा दोनदा दहा बरं. जमीन सपाट आणि टणक-मऊ, म्हणजे खूर उमटेल पण रुतणार नाही अशी. खोल वाळूत अशक्त घोड्याच्या शिरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा, ताणल्या जातात.

चालवताना त्याच्या खांद्याशी राहा. पुढून दोर ओढत नेलं तर तो मान वर आणि पाठ खाली करून चालतो, आणि आपल्याला नेमकं याच्या उलट हवं आहे. मान सैल, डोकं उंचवट्याच्या पातळीवर किंवा थोडं खाली, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्या पुढे. ओल्या मातीत पाच-सहा पावलं चालवा आणि मागे जाऊन ठसे पाहा. मागचा ठसा पुढच्याच्या बराच मागे राहत असेल तर घोडा थकलेला आहे किंवा कुठंतरी दुखतं आहे. मी हे दर सोमवारी पाहायची. पहिल्या महिन्यात चार बोटं मागे, तिसऱ्या महिन्यात ठशावर ठसा.

दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, त्याहून जास्त नाही. आठवड्यात पाच दिवस काम, दोन दिवस सुट्टी, पण सुट्टी म्हणजे ठाणबंद नव्हे. मोकळं फिरणं रोज हवं. अर्ध्या तासाची एकसलग, उत्साही चाल घोड्याला न दमवता जमू लागेपर्यंत बहुतेकांना पाच ते सहा आठवडे लागतात. चालून आल्यावर दहा मिनिटांत नाडी सकाळच्या आकड्याजवळ आली पाहिजे. नाही आली तर उद्याचं काम निम्मं.

आणि एक नोंद दर मोजणीला करा: काम सुरू केल्यावरही वजन वाढतंय ना? दोन मोजण्यांत वजन अडकलं किंवा उतरलं तर काम खाण्याच्या पुढे गेलं आहे. काम कमी करा, वैरण वाढवा, पुन्हा १४ दिवस थांबा.

दुसरी पायरी: पाठ भरणं

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. लोक इथंच उडी मारतात.

कण्याला लागून खोलवर छोटे स्नायू असतात, मणक्याला मणका धरून ठेवणारे. उपासमारीत ते झिजतात, आणि नुसत्या चालण्यानं पुरेसे परत येत नाहीत. त्यांच्यासाठी उभ्या जागी करायचे ताण आहेत. गाजराचा तुकडा हातात घेऊन घोड्याची हनुवटी आधी छातीकडे, मग दोन पुढच्या गुडघ्यांच्या मधे, मग एका बाजूनं तंगाच्या जागेकडे, मग कुशीकडे न्यायची. प्रत्येक ठिकाणी पाच सेकंद धरायला लावायचं, प्रत्येक ताण पाच वेळा, दोन्ही बाजूंना. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठवड्यातले पाच दिवस, तीन महिने हे केलेल्या घोड्यांच्या या खोल स्नायूंचा आकार वाढल्याचं अल्ट्रासाउंडवर दिसलं, आणि ते घोडे त्या काळात दुसरा कोणताही व्यायाम करत नव्हते. म्हणून अशक्त घोड्यासाठी मला यासारखं दुसरं काही वाटत नाही. फक्त घोडा पाय हलवून फसवतो, त्याला भिंतीशी उभा करा. झटका देऊन मान वळवली तर तो ताण नव्हे, हिसका झाला. जेवढं आपणहून वळतो तेवढंच, आठवड्याला दोन बोटं पुढे.

दुसरा व्यायाम पोट उचलण्याचा. छातीच्या मधोमध, तंगाच्या जागी, बोटांच्या टोकांनी वर दाबा. पाठ किंचित वर उचलली जाते, कण्याच्या रेषेवर नजर ठेवली तर लाट गेल्यासारखं दिसतं. पाच सेकंद, पाच वेळा. लाथाळ घोड्यावर हे एकट्यानं करू नका.

चालताना जमिनीवर आडवे बांबू ठेवा. सुरुवातीला एक, मग तीन, मग पाच, आणि दोन बांबूंत साधारण ८० ते ९० सेंटिमीटर अंतर, घोड्याच्या पावलाप्रमाणे थोडं कमी-जास्त. गोल बांबू पायाखाली फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना मातीत बसवा. घोडा मान खाली घालून, प्रत्येक पाय मोजून उचलतो, आणि त्या उचलण्यात पोट आणि पुठ्ठे दोन्ही काम करतात. सहा-सात फेऱ्या पुरे. मागे चालवणं हेही असंच, तीन पावलं, थांबा, शाबासकी. दहा-दहा पावलं मागे ढकलत नेऊ नका.

गोल कावा फिरवण्याचा मोह आवरा. लहान वर्तुळात सतत फिरवल्यानं आतल्या पायांच्या सांध्यांवर तिरका भार येतो, आणि अशक्त घोड्याच्या सांध्यांना धरून ठेवणारे स्नायूच नसतात. फिरवायचंच असेल तर १५-२० मीटर व्यासाचं वर्तुळ, पाच मिनिटं, दोन्ही बाजूंना सारखं, तेही दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात.

तिसरी पायरी: चढ आणि दुडकी

घोडा ४ गुणांवर, अर्धा तास चाल सहज, नाडी वेळेत उतरते, मग चढ. हलका चढ, चालीनं, आधी एकच खेप. चढताना पुठ्ठ्यांना काम पडतं, उतरताना पुढच्या पायांना मार बसतो, म्हणून उतार नागमोडी आणि सावकाश.

दुडकी, म्हणजे चाल आणि दौड यांच्या मधली धाव, एका मिनिटानं सुरू करा. चाल पाच मिनिटं, दुडकी एक मिनिट, पुन्हा चाल, असं तीन वेळा. दर आठवड्याला एक-एक मिनिटानं वाढ. दुडकीत घोडा लंगडत असेल तर ते इथं कळतं: दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली. टणक सपाट जागी दुसऱ्या कुणाला घोडा धरून धावायला सांगा आणि तुम्ही समोर उभे राहून पाहा. कामानंतर दहा-पंधरा मिनिटांत नाडी ६० च्या खाली आली पाहिजे.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, स्नायू दोन-तीन महिन्यांत. पण पायातल्या शिरा-कंडरांना सहा महिने लागू शकतात आणि हाडांना त्याहूनही जास्त. म्हणून तिसऱ्या महिन्यात घोडा दौडायला मागतो, उड्या मारतो, आणि त्याच महिन्यात पाय सुजतात. त्याचा उत्साह हा त्याच्या कंडरांचा दाखला नव्हे. रोज संध्याकाळी गुडघ्याखालच्या नळीवरून मागच्या बाजूनं हात फिरवा, दोन्ही पायांची तुलना करत. एका पायावर उब किंवा जाडी जाणवली तर काम बंद.

खुरावरही लक्ष असू द्या. खाणं सुधारलं त्या दिवसांची एक आडवी वळी खुराच्या वरच्या कडेशी उमटते आणि महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर खाली सरकते. तिच्या वरचं खूर नवं, चांगल्या खाण्यावर वाढलेलं. खालचं जुनं आणि ठिसूळ. ती वळी जमिनीला लागायला वर्षभराच्या आसपास लागतं, तोवर खडकाळ वाट आणि डांबरावरची दुडकी टाळलेली बरी.

चौथी पायरी: खोगीर आणि स्वार

सहाही जागांचे गुण साडेचार-पाचवर, आणि त्यात पाठ सुद्धा, तेव्हाच. कण्याच्या दोन्ही अंगांना तळहात ठेवा. तळहात सपाट टेकला पाहिजे. मधे बोट जाईल असा खळगा राहिला तर अजून वेळ आहे.

आधी आठवडाभर नुसतं खोगीर, हातात धरून चालवताना. समोर उंचवट्यावर, तंग आवळल्यावरही, दोन-तीन बोटं उभी जातील एवढी मोकळीक हवी. मधल्या पोकळीतून मागून पाहिलं तर पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. उतरवल्यावर घामाचा ठसा पाहा. ओल्या भागात मधेच कोरडा ठिपका दिसला तर तिथं दाब जास्त आहे. घोड्याचा आकार या महिन्यांत बदलत राहतो, म्हणून एप्रिलला बसलेलं खोगीर जूनला बसेल असं नाही. जाड गादीनं ते 'बसवून घेणं' म्हणजे अरुंद बुटात दोन मोजे घालणं.

स्वार हलका आणि मांड स्थिर असलेला. सशक्त घोड्यासाठी खोगिरासकट वजनाच्या २० टक्के ही वरची मर्यादा मानतात. सावरणाऱ्या घोड्यासाठी मी ती १० ते १२ टक्क्यांवर ठेवते. चढताना ओट्यावरून चढा, रिकिबीला लोंबकळून नाही. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं चाल, एक दिवसाआड. मधल्या दिवशी हातातलं काम आणि ताण. दोन आठवडे पाठ दुखली नाही तर पंधरा मिनिटं. स्वारासह दुडकी महिन्यानंतर, आणि तीही रिकिबीत उठत-बसत. दौड त्यानंतर कधीतरी, तिची काही घाई नाही.

काम तिथल्या तिथं थांबवायची वेळ

चालता चालता घोडा आखडला, मागचे पाय ओढू लागला, पुठ्ठे दगडासारखे कडक लागले आणि घाम फुटला, तर त्याला 'मोकळा करायला' आणखी चालवू नका. जागच्या जागी उभा करा, अंगावर काहीतरी घाला, पशुवैद्याला फोन करा. लघवी कॉफीच्या रंगाची झाली असेल तर ते आवर्जून सांगा, स्नायू मोडून मूत्रपिंडांत उतरत असल्याची ती खूण आहे.

पोट दुखत असेल तर घोडा पाय आपटतो, वळून कुशीकडे पाहतो, लोळतो, लीद टाकत नाही. खाणं काढून घ्या आणि फोन करा. खुरं गरम, घोट्याजवळची नाडी ठणठण लागते, आणि घोडा पुढचे पाय पुढे ताणून मागे रेलून उभा आहे, हेही तितकंच तातडीचं. दाणा वाढवताना हात सैल सुटला की हे होतं.

साध्या कारणानं, समजा सर्दीनं किंवा नाल निघाल्यानं, आठ दिवस खंड पडला तर परतल्यावर एक आठवडा मागचं वेळापत्रक धरा. महिनाभर खंड पडला तर हातात धरून चालण्यापासून पुन्हा सुरू करा, फक्त या वेळी वाढ थोडी लवकर होईल. माझी घोडी त्या पाच आठवड्यांनंतर पुन्हा दहा मिनिटांच्या चालीवर आली होती. दुसऱ्यांदा तिच्यावर खोगीर चढलं ते त्यानंतर चौदाव्या आठवड्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रश पाठीवरून तीनदा फिरवला. ती गवत खात उभी राहिली.